मंगळावरून येणारा हशा

शर्वाणीचा विनोद सांगून झाला, पण सोबत आलेले वडील, अण्णा, सोडले तर रिकाम्या असलेल्या नाशिकच्या त्या स्टुडिओत कुणीच हसलं नाही. तिचे श्रोते मंगळावर होते. शब्द पोचायला चौदा मिनिटं, हसू परत यायला चौदा. ते हसले तर तिचा दर रविवारी कार्यक्रम, नाहीतर उद्यापासून वडिलांच्या फरसाणाच्या दुकानात बसायचं.

सत्ताविसाव्या मिनिटाला वडीलच उठले. "चल पोरी. त्यांच्यापेक्षा आपली शेव बरी, खाताना आवाज तरी करते!"

तेवढ्यात स्पीकरमधून, कढईत लाह्या फुटाव्यात तसा, हशा तडतडला आणि खोलीभर उतू गेला.

अण्णा दचकले. "मला हसतायत काय गं?"

"नाही अण्णा," भरल्या डोळ्यांनी शर्वाणी म्हणाली, "मला!"