वाट दाखवणारा

थानासच्या कोटावरचा गाइडचा बिल्ला जेमतेम तीन सेंटिमीटर रुंद आहे, पण परदेशी पाहुणे दिसले की त्याची छाती दुप्पट फुगते. आल्बेनियाची दारं उघडल्यापासून तो त्यांना आमच्या बेरात शहरभर फिरवतो आणि शेवटी माझ्या अंगणात आणतो. शेजारधर्म म्हणून मी अंजिराचा मुरंबा वाढते, गप्प राहते.

आज तो म्हणाला, "पोलिक्सेनीताई, सांगा यांना! परक्याला वाट दाखवणं आपल्या रक्तातच आहे. मी भाषांतर करतो."



मी बशा उचलल्या. "कर. देश बंद होता, परक्याशी बोलणंही गुन्हा होता, तेव्हा माझ्या भावाने एका परक्याला वाट दाखवली. तू पोलिसांकडे चुगली केलीस, भाऊ तुरुंगात मेला. एवढं सांगून झालं की यांना फाटकाची वाट दाखव, आणि पुन्हा इथे पाऊल टाकू नकोस."