ऐकायला आलेली बाई

"आधी पाणी दे, मग बोल. आणि रडू नकोस," लिफ्ट दुरुस्त करणारा बायकोला म्हणाला.

"मी नाही रडत. पण ज्यांचं माणूस गेलंय त्या दाराशी उभ्या आहेत," बायको कुजबुजली आणि तिनं दार उघडलं.

बाईनं गळ्यापर्यंत बटणं लावली होती. जिन्याच्या कठड्याला धरून ती जरा थांबली, मग आत आली. भेट रुग्णालयानंच ठरवली होती, दोन्हीकडच्या संमतीनं.

मागच्या वर्षी त्याच्या हृदयाच्या भिंती दगडासारख्या घट्ट होत चालल्या होत्या. लाखात एखाद्याला होणारा आजार. सगळ्या गावाला वर पोचवणारा हा माणूस स्वतःच्या घराच्या पहिल्याच पायरीवर धापा टाकत बसायचा. मग दुसरं हृदय मिळालं. ऑपरेशन झकास झालं, सर्जन म्हणाले.

रिपोर्ट अजूनही चांगलेच येत होते. फक्त त्याला आतून काही वाटेनासं झालं होतं. आई गेली तेव्हाही डोळे कोरडेच राहिले.

"काळीज दगडाचं होतं तेव्हा माणूस मऊ होता," बायको म्हणायची. पहिल्यांदा दोघं हसले होते.

"कामावर जाता?" बाईनं विचारलं.

"जातो. जिनेही चढतो."

"त्रास देत नाही ना?"

"छे. शहाण्यासारखं वागतं."

"माझ्याकडे नाही वागलं कधी." बाई किंचित हसली. "भित्रं होतं फार. उद्या परीक्षा म्हटलं की रात्रभर झोपू द्यायचं नाही."

बायकोनं डोळे टिपले.

"ऐकू का जरा?" बाईनं विचारलं.

त्यानं शर्टाची बटणं काढली. बाईनं वाकून त्याच्या छातीला कान लावला. तिचा चेहरा हलला नाही. तो तिच्या भांगातल्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिला. आता तरी काही वाटावं, असं त्याला वाटत होतं. वाटलं नाही.

"ओळखीचं वाटतंय?" त्यानं विचारलं.

"हो. तेच आहे."

बायकोला राहवलं नाही. "तुमचं लेकरू इथं जगतंय हो! किती वर्षांचं होतं?"

बाईनं कान काढला नाही.

"लेकरू नाही हो. माझी फुप्फुसं निकामी झाली होती. ती बदलताना डॉक्टरांनी सोबत हृदयही नवं बसवलं, आणि जुनं धडधाकट होतं म्हणून यांना दिलं," ती म्हणाली. "हे माझंच आहे."