वेताच्या खुर्चीतला खळगा

बायकोला ऊन हवं, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी मागचं अंगण सजवायला घेतलं. पुस्तकांपलीकडे मला काही जमत नाही. तरी फरशीवरचं शेवाळ घासलं, मोठी छत्री उभी केली, वेताच्या खुर्चीला तेल लावून तिच्यावर नवी गादी घातली. हिला उठण्याइतकी ताकद आली की बाहेर न्यायचं, एवढीच आशा होती.

दुसऱ्या दिवशी गादीवर कोणी बसून उठल्यासारखा खळगा होता. मी गादी झटकून फुगवली. संध्याकाळी खळगा पुन्हा तिथेच, जरा अधिक खोल.

"मांजर असेल, बाबा," लेक हसली. "तुम्ही ना, राईचा पर्वत करता."

असेलही. माझ्या नजरेचा मलाच भरवसा नाही. पण मांजर उठल्यावर गादी वर येते, ही येईना. मी ती उसवून नवा कापूस भरला. तोही दबला.

"किती धडपडता!" बायको पलंगावरून म्हणाली. "मला बरं वाटतंय हो बाहेर."

"अगं, तू अजून बाहेर गेलीस कुठे?"

ती खिडकीतून खुर्चीकडे बघून हसली.

मला धीर धरवेना. काहीही होवो, आत्ताच न्यायचं, म्हणून मी तिला उचललं. हातांना वजनच लागेना.

"घट्ट धर गं," म्हणत मी पलंगाकडे पाहिलं. इतके महिने ती निजली होती, त्या चादरीवर साधी सुरकुतीही नव्हती.

अंगणात खुर्ची करकरली. "अहो," तिथून हिचा आवाज आला, "एकटेच काय करताय आत?"