दोनशे चौदाची हजेरी

“दोनशे चौदामध्ये तू कोणाची हजेरी लावतेस?” वॉर्डन यशोधराबाईंनी रजिस्टर शमिकापुढे सरकवलं.

शमिका बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. होस्टेलच्या दुसऱ्या मजल्याची प्रतिनिधी होऊन तिला नऊच दिवस झाले होते. संध्याकाळी सातला प्रत्येक दारावर दोनदा टकटक करायची, आतून ‘हाँजी’ आलं की त्या खोलीपुढे खूण करायची आणि रजिस्टर वॉर्डनच्या टेबलावर आणून ठेवायचं, एवढं तिचं काम. दार उघडायला लावायचं नाही. उत्तर आलं नाही तर रकाना मोकळा सोडायचा; मग वॉर्डनने स्वतः वर जाऊन पाहायचं. ही पद्धत यशोधराबाईंनीच घालून दिली होती.

“मॅडमजी, आतून आवाज येतो म्हणून टिक करते,” शमिका म्हणाली. “बाकीच्यांना तीन-तीनदा आवाज द्यावा लागतो. दोनशे चौदावाली तर भोत सिन्सियर आहे, एका टकटकीत बोलते.”

“ती खोली फेब्रुवारीपासून रिकामी आहे. कुलूप आहे तिला.”

शमिकाचं हसू विरलं. “मला तर कुणी सांगितलंच नाही. मग मी नऊ दिवस कोणाशी बोलतेय?”

यशोधराबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सातला पाच कमी होते. “चल,” त्या म्हणाल्या.

जिना चढताना त्यांनी कठड्याला धरलं. फेब्रुवारीनंतर त्या दोनशे चौदाकडे फिरकल्या नव्हत्या. दोनशे चौदामध्ये निधी राहत असे. तिला दम्याचा त्रास होता. तिच्या खोलीतली मुलगी लग्नासाठी रतलामला गेली होती. ती सकाळी परत आली, तेव्हा निधी दारापासून हातभर अंतरावर पडलेली होती. दाराला आतून कडीसुद्धा नव्हती, ते नुसतं लोटलेलं होतं. आदल्या संध्याकाळी कुणी पाहिलं असतं तर मुलगी वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले.

विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. समितीने रजिस्टर मागवलं. दोनशे चौदापुढे सातची खूण होती. म्हणजे सातला निधी उत्तर देण्याइतकी बरी होती. पुढे जे घडलं त्याला कोणाचा इलाज नव्हता. अहवाल दोन पानांत आटोपला. मंजिरी त्या वेळी मजल्याची प्रतिनिधी होती. ती काम सोडायला निघाली, तेव्हा यशोधराबाईंनीच तिला थांबवलं आणि चारही मजल्यांची मुख्य प्रतिनिधी केलं. मॅडमचं मन मोठं आहे, असं सगळे म्हणाले. मंजिरी ऑफिसात आली की यशोधराबाई मात्र कागदांकडे पाहूनच तिच्याशी बोलत.

दोनशे चौदाचं कुलूप कोयंड्याला उघडंच लटकत होतं. शमिकाने एकदा यशोधराबाईंकडे पाहिलं आणि दारावर टकटक केली.

“हाँजी,” आतून आवाज आला.

आवाज बारीक होता, दमलेला होता. क्षणभर यशोधराबाईंना वाटलं, आपण उलट वळावं आणि खाली जावं. पण शमिका त्यांच्याकडे बघत उभी होती. त्यांनी दार लोटलं.

उघड्या लोखंडी पलंगावर मंजिरी बसली होती. रिकाम्या खोल्यांच्या चाव्या मुख्य प्रतिनिधीकडे असत; तो जुडगा तिच्या मांडीवर होता. मॅडमना पाहून ती घाईने उठली.

“सॉरी मॅडम. हिला डरवायला नाही बसत मी.”

“मग कशाला बसतेस?”

“त्या दिवशी मी काय केलं, ते आठवायला.” मंजिरी दाराकडे बघत बोलत होती. “मी दोनदा टकटक केली होती. उत्तर आलं नाही. वाटलं, कुणाबरोबर राजवाड्याकडे फिरायला गेली असेल. मी खूण केली नाही, असंच मला आठवतं. पण समितीच्या सरांनी रजिस्टर दाखवून विचारलं, ‘ये निशान तुम्हारा है?’ खूण तर होती तिथे. मी हो म्हटलं.”

“मंजिरी—”

“म्हणजे मीच केली ना, मॅडम. आणि मला ते आठवतसुद्धा नाही. म्हणून इथे बसते. आतून टकटक ऐकू येते का, ते बघते. साफ ऐकू येते. तिलाही आली असणार. मग माझ्याच्याने गप्प बसवत नाही, मी उत्तर देऊन टाकते.”

शमिकाने रजिस्टर छातीशी धरलं.

“उद्या धारहून पपा येतायत,” मंजिरी म्हणाली. “मी एमएस्सी सोडतेय. आपला हात काय करतो हे जिला कळत नाही, तिने लॅबमध्ये कशाला उभं राहायचं? तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत. रागावू नका.”

खाली मेसमध्ये ताटं मांडल्याचा आवाज येत होता. दोनशे पंधराचं दार किलकिलं झालं आणि लगेच मिटलं. यशोधराबाईंच्या मनात आलं, शमिकाला आधी खाली पाठवावं. त्यांनी तसं केलं नाही. कित्येक महिन्यांनी त्यांनी मंजिरीच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं.

“रकाना तू मोकळाच सोडला होतास,” त्या म्हणाल्या. “खूण मी केली. मला जिना चढायचा कंटाळा आला होता.”