काळ्या कोटातले चौघे

बव्हेरियाच्या त्या किल्लेवेड्या राजाचे कथलाचे चिमुकले पुतळे रंगवण्यात वाल्बुर्गाची हयात गेली होती. आज ती त्याच्या शेवटच्या दिवसांचा संच रंगवत होती: निळ्या डगल्यातला राजा आणि त्याला एकदाही न तपासता वेडा ठरवणारे काळ्या कोटातले चार डॉक्टर. राजाचे डोळे तेवढे राहिले होते. डोळे ती नेहमी शेवटी रंगवायची.

तिचा मुलगा कोर्बिनियान डॉक्टरांशी फोनवर बोलतच आत आला आणि त्याने त्या डॉक्टरांच्या सहीचा एक कागद तिच्यापुढे सरकवला. तिचं डोकं ठिकाणावर नाही, तिला वृद्धाश्रमात ठेवावं आणि घरदार मुलाच्या ताब्यात द्यावं, असं त्यावर लिहिलं होतं.

"अरे, या डॉक्टरांनी मला बघितलंय तरी का कधी?"

"मी सांगितलंय त्यांना सगळं. दिवसभर या बाहुल्यांशी बडबडत बसतेस."

वाल्बुर्गाने ब्रश खाली ठेवला. "राजाला वेडा ठरवायला चार डॉक्टर लागले होते रे. मला पोटचा पोरगा एकटा पुरला."

"ऐकलंत ना, डॉक्टर?" कोर्बिनियान फोनमध्ये म्हणाला. "आता तर स्वतःला राजाच समजायला लागलीय."