कडेचा रकाना

"हे आमचे आजोबा. वाचा, मोठ्यांदा वाचा," चर्च समितीचे अध्यक्ष म्हणाले. "आणि आधी ती फीत उचला. चर्चचं दफ्तर आहे हे, झग्याचं कापड नव्हे."

आत्याने फीत उचलली नाही. शिलाईकाम करणारी बाई ती, गावातल्या पोरासोरांची आत्या, मापाची फीत हा तिचा तिसरा हात. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचा जुना कागद उजवीकडून सारखा गुंडाळला जायचा, म्हणून तिने पहिल्याच दिवशी त्या कडेवर फीत उभी पसरली होती. तेव्हापासून कॉलरला टाचण्या आणि नाकावर घसरलेला चष्मा घेऊन ती या खोलीत ठाण मांडून बसली होती. बाळाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव. ओळीमागून ओळ. तिच्या घराण्यातलं एक माणूस सापडेल तर शपथ!

पलीकडे दाराशी पाथरवट एक दगडी पाटी घासत होता. गावातल्या जुन्या घराण्यांची नावं तिच्यावर कोरायची होती. नियम अध्यक्षांनीच केलेला. सर्वांत जुन्या नोंदवहीत ज्यांचं कुणी असेल, तेच पाटीवर. आणि यादी आज बंद होणार होती.

आत्याच्या घराला गाव पैलतीरवाले म्हणायचं. तिची पणजी नवऱ्याला घेऊन नदीपलीकडून इथे राहायला आली होती, एवढंच काय ते घरात माहीत होतं. तिच्या डाव्या हाताला म्हणे चारच बोटं होती. आणि बाई अशी हट्टी, की स्वतःच्या पोरांचा बाप्तिस्मासुद्धा नावेतून नेऊन माहेरच्या चर्चमध्ये करून आणला. पुढे ते चर्च पुरात गेलं, दफ्तरासकट. आत्याच्या वडिलांनी इथल्या चर्चचं गळकं छप्पर दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवला. गाणाऱ्या मुलांचे झगे आत्या शिवायची. तरी जरा कुठे खुट्ट झालं, की कुणीतरी म्हणायचंच, "कुठून आलेत कोण जाणे." वडील हसण्यावारी न्यायचे. शेवटच्या आजारात मात्र तिचा हात धरून म्हणाले होते, "आपलं नाव एकदा तिथं लागायला हवं होतं गं." ते बोलणं आत्याच्या काळजात रुतून बसलं होतं.

"अहो, मुळात नसलेलं सापडणार कसं?" अध्यक्षांचा आवाज मऊ झाला. त्यांचा आवाज मऊ झाला की समोरच्याने सावध व्हावं. "खरी नोंद कशी असते, ते तरी बघून जा."

त्यांनी स्वतःच फीत ओढून काढली आणि वर येणारी कड बोटाने दाबून धरली. "हं, वाचा. अगदी शेवटपर्यंत."

आत्याने वाचलं. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, आईचं. अध्यक्ष प्रत्येक नावाला मान डोलावत होते. मग फितीखालचा अरुंद रकाना आला. 'कोणाच्या हस्ते.' तिथे धर्मगुरूंशिवाय कोण असणार, म्हणून आत्याने तो कधी बघितलाच नव्हता. अध्यक्षही आजवर आजोबांच्या नावापुढे गेले नसावेत. अक्षर बारीक होतं. ती अडखळत वाचू लागली.

"बाळ जन्मताच निळं पडलं. मला बोलवायला वेळ नव्हता. पैलतीरच्या चार बोटांच्या सुईणीने पाणी ओतून बाप्तिस्मा दिला, आणि मग तोंडाने श्वास फुंकत राहिली. बाळ जगलं."

अध्यक्षांचं बोट कडेवर तसंच राहिलं.

मूल हाती लागत नाही असं दिसलं, तर धर्मगुरूंसाठी थांबायचं नाही, जवळ असेल त्याने बाप्तिस्मा द्यायचा, ही जुनी रीत आत्यालाही ठाऊक होती. तिने घाईघाईने मागची पानं उलटली. सुतारांचं घराणं. 'पैलतीरच्या सुईणीच्या हस्ते. बाळ जगलं.' गिरणीवाले. 'तीच. जगलं.' घड्याळजींच्या घरची जुळी. 'पुन्हा तीच. दोन्ही जगली.' लिहून लिहून धर्मगुरू बिचारे कंटाळले असावेत.

"अगं बाई!" आत्या हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "माझ्याच फितीखाली झाकून ठेवली होती मी हिला!"

या क्षणी वडील हवे होते, असं तिला फार वाटलं. छपरावरून खाली उतरून, हात पुसत, इथे वहीपाशी उभे राहिलेले.

अध्यक्षांनी खिशातून पाटीची यादी काढली. एकेक घराणं वाचायचे आणि वहीत शोधायचे. प्रत्येक घराण्यात तिने वाचवलेलं कुणी ना कुणी होतंच, आणि कडेच्या रकान्यात ती होती. अगदी शेवटच्या नावापर्यंत.

पाथरवट दारातून डोकावला. परगावचा माणूस, त्याला कामाची घाई. "यादी झाली का? खाली एखादी ओळ बसेल अजून."

"एक आहे," आत्या ताठ उभी राहत म्हणाली. "तिचं नाव कुणालाच माहीत नाही. पैलतीरची सुईण, एवढंच कोर."

"खाली नको," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्यांच्या वर."

पाथरवटाने कपाळाला आठ्या घातल्या. "सगळ्यांच्या वर? अशी कोण ही? आली कुठून?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"ती कुठूनही आलेली असू दे," ते म्हणाले. "आम्ही सगळे तिच्या हातून आलोय."