तिसरा फोन

हरणी गाय कळपापासून लांब, करवंदीच्या जाळीने झाकलेल्या चिऱ्याच्या जुन्या खाणीशी एकटीच उभी होती. गवत भरपूर होतं, पण ती तोंड लावत नव्हती. पोट खपाटीला गेलेलं. मी वहीत 'आजारी' असं लिहिलं आणि खोडलं.

सड्यावर, गावावरच्या कातळाच्या पठारावर, मोकळ्या चरणाऱ्या गुरांची रोज पाहणी करायची, काही बिघडलेलं दिसलं तर मालकाला कळवायचं, एवढंच आम्हा स्वयंसेवकांचं काम. पण वाचनालयात आयुष्य गेलेल्या मला गुरांतलं काय कळणार? हरणीच्या मालकीणबाईंना, शेवंताबाईंना, या आठवड्यात मी दोनदा उगाच चढण चढायला लावली होती. "भाऊ, झोपलेली गाय आजारी नसते हो!" असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या.

मी घराकडे वळलो. मागून हरणी हंबरली. थोडं चालल्यावर पुन्हा हंबरली. मी थांबलो आणि फोन लावला. "आजारी वाटतेय," कसंबसं म्हणालो.

शेवंताबाई धापा टाकत आल्या. हरणीचं पोट बघितलं आणि थेट जाळीत घुसल्या. खाली खाणीतल्या चिखलात नुकतंच जन्मलेलं वासरू थरथरत पडलं होतं. दोघांनी उतरून ते वर आणलं.

त्याला पदराने पुसत त्या म्हणाल्या, "आजही चुकलात, भाऊ. आजारी कुठाय? व्यालीय ती, तारखेच्या आठ दिवस आधीच."

मी मान खाली घातली.

"उद्याही चुका," त्या म्हणाल्या. "फोन तेवढा करा."